पाइप का कापला, तुम्ही विचारलंत म्हणून

ब्रेकचं काम मी घरी करतो हे तुम्हाला माहीत आहे. तरी दर वेळी तोच प्रश्न: ब्रेक ऑइलचा पाइप कापायची काय गरज होती? तेल मारून, तापवून त्याचा गंजलेला नट सुटला असता की.

तेल मारलं होतं, रात्रीही आणि सकाळीही. गंज तारेच्या ब्रशने खरवडला होता. साधा पाना दोनच बाजूंवर जोर देतो आणि नटाचे कोपरे मारतो, म्हणून नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा फ्लेअर नटचा पाना वापरला होता. तापवलं मात्र नाही आणि तापवणारही नाही. ब्रेक ऑइल पेट घेतं, शिवाय शेजारचा रबरी होज आणि चाकाच्या ब्रेक सिलिंडरमधले सील उष्णतेने जातात.

मागच्या चाकाचा तो नट हललाही. पण सुटलेला नट हळूहळू हलका होत जातो, हा होत नव्हता. टॉर्च मारला तर नटाबरोबर पाइपही फिरत होता. नटाने सिलिंडरचे आटे सोडले होते, पाइपला सोडलं नव्हतं. गंजाने दोघं एक झाले होते. पाव फेराही झाला नसेल, पण पाइपला पीळ पडलेला स्पष्ट दिसत होता. उलटा फिरवला, पीळ गेला. नट घट्ट बसला. पेडल दाबून पाहिलं, थेंबही गळला नाही. भाऊ म्हणाला, "राहू दे की आता." मलाही तेच हवं होतं, खरं सांगतो. बराच वेळ मी तिथे नुसता बसून होतो. पण गंजलेली नळी पिळून परत सरळ केली म्हणजे पूर्वीसारखी होत नाही. जोरात ब्रेक मारला की आतला दाब १०० बारच्या पुढे जाऊ शकतो, टायरमधल्या दाबाच्या चाळीसपटीहून जास्त. उभ्या गाडीत गळलं नाही, एवढ्या भरवशावर घरच्यांना गाडीत बसवू?

नटाला लागून पाइप कापला. मग सहा कोनी सॉकेट नटावर पूर्ण बसला, आणि तोच हट्टी नट सुटला.

धीर धरला तर कुठलाही नट सुटतो, असं पूर्वी मीच सांगत फिरायचो. नट सुटतो हे आजही मानतो. पाइप वाचतो, हे मानत नाही.

नवा तुकडा ४.७५ मिमीचा, कॉपर-निकेलचा टाकला. तो लोखंडासारखा गंजत नाही, हाताने वाकतो. फ्लेअर (पाइपचं पसरवलेलं टोक) मात्र जुन्यासारखाच हवा. डबल (आत दुमडलेल्या) फ्लेअरच्या जागी बबल (फुगीर) फ्लेअर केलात तर नट घट्ट बसूनही गळेल. कॉम्प्रेशनचा, म्हणजे फ्लेअर न करता रिंग आवळून बसवायचा जोड ब्रेकला लावूच नका. मी जुना पाइप पुढे गंज नसलेल्या जागी पुन्हा कापला, दोन्ही टोकांना फ्लेअर करून जुना-नवा जोडणारा युनियन लावला, ब्रेकमधली सगळी हवा काढली.

पूर्ण पाइप बदलायला हवा होता का? असेल. त्यासाठी पेट्रोलची टाकी उतरवावी लागते, आणि तिच्या पट्ट्यांचे बोल्टही गंजलेत. त्यांना हात घालायचा की नाही, हे अजून ठरत नाहीये.