पोत्यातले चेंडू : महिना तिसरा

वखरणी सुरू झाली आणि हरवलेले चेंडू दुरुस्तीसाठी गोळा करायचं पोतं भराभर भरायला लागलं. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात अशा भेगा पडतात, की पऱ्हाटी उपटलेल्या वावरात खेळणाऱ्या पोट्ट्यांचा चेंडू एकदा आत गेला की गेलाच. वखर फिरला की तो वर येतो, आणि आता लोक तो धुऱ्यावर न फेकता किराणा दुकानाबाहेर टांगलेल्या युरियाच्या पोत्यात आणून टाकतात. याचा मला फार आनंद आहे. या महिन्यात ६१ जमले: टेनिसचे ४४, लेदरचे ९, फुटबॉल ५, व्हॉलीबॉल ३.

टेनिसच्या २८ चेंडूंना फुलीचा काप देऊन शाळेच्या सात खुर्च्यांच्या पायांत घातले. फरशीवरची करकर थांबली. ‘वितळवून नवे का नाही करत?’ असं बरेच जण विचारतात. चेंडूचं रबर गंधकासोबत तापवून पक्कं केलेलं असतं, ते पुन्हा वितळत नाही, जळतं. तो धूर घातक, म्हणून चेंडू शेकोटीत टाकू नका.

लेदरचे ओले निघालेले चार सावलीत सुकताहेत, उन्हात कातडं तडकतं. शिवण उसवलेले पाच मोज्यात घालून फलंदाजीच्या सरावाला टांगले.

खरा वेळ गेला फुटबॉलवर. आधी वॉल्व्हला थुंकी लावून पाहायची. बुडबुडा आला तर ब्लॅडर (आतला हवेचा फुगा) शाबूत असू शकतं, वॉल्व्हच कोरडा पडलेला असतो. ग्लिसरीनच्या दोन थेंबांवर दोन फुटबॉल ठीक झाले. तिसरा ३२ तुकड्यांचा, हातशिलाईचा. वॉल्व्हशेजारच्या तुकड्याच्या तीन बाजू उसवल्या, ब्लॅडर बाहेर काढलं (वॉल्व्हपाशी ते चिकटवलेलं असतं, तिथं ओढायचं नाही), बादलीत बुडवून भोक शोधलं. पॉलिश पेपरनं घासून सायकलचं सोल्युशन आणि ठिगळ लावलं. शिवला, फुगवला. सकाळी पुन्हा चपटा.

दुसऱ्यांदा उसवल्यावर कळलं. हवा कमी झाली तरी पोट्टे खेळत राहतात, आणि दबलेल्या चेंडूत बोरीचा काटा आरपार जातो. दुसरं भोक बरोब्बर समोर होतं. म्हणून सांगतो, एक भोक सापडलं तरी ब्लॅडर पूर्ण फिरवून बघा.

शिवण बंद करायला बसस्टँडजवळ चपला शिवणाऱ्या काकांकडे गेलो. मेण लावलेला दोरा, दोन सुया. शेवटचे सहा टाके त्यांनी सैलच ठेवले आणि मग एकेक ओढायला माझ्या हातात दिले. ‘‘दोरा वढ बाबू, पन भोक फाकू देऊ नको.’’ पैसे घेतले नाहीत.

बाकी दोन फुटबॉल पुढच्या आठवड्यात. व्हॉलीबॉल तिन्ही चिकटवलेले आहेत, शिलाईच नाही, ते सध्या तसेच ठेवलेत.

दुरुस्त झालेला फुटबॉल दुकानातल्या काट्यावर ठेवला. दोन ठिगळं धरून ४४० ग्रॅम. नियम ४१० ते ४५० चा आहे. सहा दिवस हवा टिकली, आज संध्याकाळी तो शाळेच्या मैदानावर गेला.