दोन इंचांची मोकळी जागा

न्यू जर्सीत मी घरांच्या धुराच्या चिमण्या तपासायचं काम करतो. घर विकायला निघालं की एनएफपीए 211 या अमेरिकी अग्निसुरक्षा मानकाप्रमाणे चिमणीची दुसऱ्या पातळीची तपासणी करायची असते: धुराच्या नळीत कॅमेरा सोडायचा, माळ्यावर चढून बघायचं. त्या जानेवारीत घर घेणारं जोडपं साताऱ्याकडचं निघालं. सोबत जोडप्यातल्या मुलाची आई.

खाली सगळं चोख होतं. फायरप्लेसचं तोंड सहा चौरस फुटांहून मोठं, म्हणजे पुढे 20 इंच आणि दोन्ही बाजूंना 12 इंच न जळणारी फरशी हवी. टेप लावली, भरली. नळीही धड होती.

"काका, पास ना?" मुलानं विचारलं.

माळ्यावर इन्सुलेशन थेट चिमणीला चिकटवलेलं. ते बाजूला सारलं. घराच्या आतून जाणाऱ्या चिमणीच्या विटा आणि लाकूड यांत बांधकामाचा कोड दोन इंच मोकळी जागा मागतो, आणि त्यात काही भरायचं नसतं. इथे तुळई विटांना टेकलेलीच होती. बॅटरी धरली, तर ती बाजू काळी, आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारखी भेगाळलेली. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो अर्धा इंच आत गेला. हातावर पूड पडली.

ती पूड खाली आणून दाखवली. आईंनी चिमटीत घेतली, चोळून बघितली.

"मिसरीच की ही! पण आमच्या चुलीवरचे वासेपण काळेच होते. कधी पेटले नाहीत."

प्रश्न अगदी रास्त होता. म्हटलं, "ताई, ती वरची काजळी. आतलं लाकूड शाबूत असतं, कौलांतून वारा खेळतो. इथे उष्णता कोंडते. वर्षानुवर्षं तापून लाकूडच बदलतं आणि मग पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेतं. ठिणगीसुद्धा लागत नाही."

त्या गप्प झाल्या. मला मात्र घर विकणाऱ्या आजींची धास्ती वाटत होती. त्या एकट्या राहायच्या आणि हिवाळ्यात रोज संध्याकाळी लाकडं पेटवून शेकत बसायच्या. निघण्याआधी त्यांच्याकडून शब्द घेतला, आज पेटवायचं नाही, उद्याही नाही.

मार्चमध्ये काम झालं. तुळई कापून आडव्या लाकडावर तोलली, छताच्या पातळीला मात्र आग वर चढू नये म्हणून फट पत्र्यानं बंद केली. मी दोन इंची ठोकळा चिमणीभोवती चारही बाजूंनी फिरवला. कुठेच अडला नाही.