प्वी द दोम बघा, पण चढा पार्यूवर

आपला सगळा सह्याद्री लाव्हाचा हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण मग त्यात ज्वालामुखी कुठंय असं कुणी विचारलं की बोट दाखवायला जागा नसते, कारण तो लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या भेगांमधून येऊन पसरला आणि थरावर थर बसत गेला, शंकू-बिंकू काही भानगड नाही. त्यामुळे खराखुरा, चित्रातल्यासारखा ज्वालामुखी बघायची माझी हौस जुनी. त्यासाठी इटली, आइसलंड असले महागडे प्लॅन झाले आणि बारगळले, आणि शेवटी गेलो कुठं तर फ्रान्सच्या मधोमध, ओव्हेर्न्यला!

पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून साडेतीन तासांच्या आसपास ट्रेन, क्लेरमाँ-फेराँला उतरायचं. या गावाचं कॅथेड्रल काळं कुळकुळीत आहे. पहिल्यांदा वाटतं धुरानं काळवंडलं असेल, पण नाही, दगडच तसला, जवळच्या व्होल्विकच्या लाव्हाचा. हो, तेच बाटलीच्या पाण्यावालं व्होल्विक. गाव ठीक आहे, मिशलँ टायरवाल्यांचं गाव, आम्ही फार रेंगाळलो नाही. कार मात्र इथूनच घ्या, कारण पुढं खेड्यांमधे बस आहे म्हणतात तेवढीच, आणि रविवारी तर विसराच.

गावाच्या पश्चिमेला ही सगळी रांग उभी आहे, शेन दे प्वी म्हणतात तिला (प्वी म्हणजे इथल्या बोलीत ज्वालामुखीचा डोंगर), साधारण 80 ज्वालामुखी उत्तर-दक्षिण एका ओळीत, तीसेक किलोमीटरभर. 2018 साली युनेस्कोच्या यादीत गेली. सगळ्यात उंच आणि सगळ्यात फेमस प्वी द दोम, 1465 मीटर. वर जायला 2012 पासून दातेरी रुळांची ट्रेन आहे, पंधरा मिनिटांत माथ्यावर. आम्ही सेसा खिंडीतून खेचरांच्या जुन्या वाटेनं गेलो, नागमोडी वळणं, साडेतीनशे मीटरच्या वर चढ, तासाभरात होतो. गुडघे बरे असतील तर चालतच जा, ट्रेननं गेलात तर चहूकडचे शंकू एकदम समोर येतात, चालताना ते एकेक करून उगवतात, त्याची मजा वेगळी आहे.

आता गंमत अशी की वर पोचल्यावर अर्धे लोक विवर शोधत फिरतात. ते नाहीच आहे! दोमचा लाव्हा इतका घट्ट होता की तो वाहिला नाही, आला तिथंच साचून ढिगारा झाला, साधारण अकरा हजार वर्षांपूर्वी. माथ्यावर रोमन काळातल्या मर्क्युरीच्या देवळाचे अवशेष आहेत, दुसऱ्या शतकातले, 1870च्या दशकात वेधशाळा बांधताना सापडले. आणि शिवाय टीव्हीचा टॉवर, रेस्टॉरंट, दुकान. पॅराग्लायडिंगवाले रांगेत उभे असतात, शिकवणारा बरोबर बसून उडतो तसलंही बुकिंग मिळतं, वारा चुकला की रद्द.

पण मला तिथं सगळ्यात जास्त काय आवडलं तर पास्कालचा किस्सा. शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल क्लेरमाँचाच, पण 1648 साली तो होता पॅरिसला आणि तब्येत यथातथा, म्हणून त्यानं आपल्या मेव्हण्याला, फ्लोरँ पेरियेला, पाऱ्याची नळी घेऊन डोंगरावर पाठवलं. 19 सप्टेंबरला पेरिये वर गेला, पारा खालच्यापेक्षा सुमारे साडेआठ सेंटीमीटर खाली आला, म्हणजे उंचावर हवेचा दाब कमी असतो हे कळलं. यातली हुशारी अशी की दुसरी एक नळी खाली मठाच्या बागेत ठेवून एका साधूला दिवसभर तिच्यासमोर बसवलं होतं, पारा आपोआप हलतोय का हे बघायला. तो हलला नाही. मला डोंगर चढलेल्यापेक्षा त्या बसलेल्या साधूचंच जास्त कौतुक वाटलं, काय कंटाळला असेल बिचारा.

सायकलवाल्यांसाठीही ही जागा म्हणजे तीर्थक्षेत्र. 1964 च्या टूर द फ्रान्समधे आंकतील आणि पुलिदोर हे दोन फ्रेंच सायकलपटू इथल्याच चढावर खांद्याला खांदा घासत गेले होते, तो फोटो बघितलेला असेल तुम्ही. 2023 मधे टूर पुन्हा आली तेव्हा शेवटच्या टप्प्यात प्रेक्षकांना सोडलंच नाही, झाडंझुडपं तुडवली जातील म्हणून.

तर दोम हा बघायला नाही, त्याच्यावरून बघायला चांगला. चढायचा डोंगर म्हणजे शेजारचा पार्यू. 1209 मीटर, उंचीनं कमी, पण याला विवर आहे आणि असं आहे की काय सांगू. गुल खिंडीच्या पार्किंगवरून आधी जंगल, मग लाकडी पायऱ्या (माती वाहून जाऊ नये म्हणून घातल्यात, त्या सोडून शॉर्टकट मारू नका), दम लागतो, डोकं वर काढता आणि पुढची जमीन एकदम खाली जाते, गोल, हिरवीगार, शंभर मीटरच्या आसपास खोल. धूर नाही, आग नाही, आत फक्त गवत. कडेवरून पूर्ण चक्कर मारता येते, अर्धा तासही लागत नाही, पण आम्ही तिथं डबा खाऊन दुपारपर्यंत बसलो होतो. मागं दोम उभाच असतो. ट्रेनवाली गर्दी इकडं फिरकत नाही.

दक्षिणेला गेलं की प्वी द ला व्हाश आणि लासोला, ही जोडी चुकवू नका. यांची एकेक बाजू फुटलेली आहे, आतली लाल माती उघडी पडलीये, म्हणजे ज्वालामुखीच्या पोटातच उभं राहिल्यासारखं. तिथून बाहेर पडलेला लाव्हा पुढं दरीत उतरला, नदी अडवली आणि एदा नावाचं तळं तयार झालं. विवर, त्यातून निघालेला प्रवाह, त्यानं अडवलेलं पाणी, सगळं एका दिवसात बघून होतं, आणि शेवटी तळ्यात पोहता पण येतं.

पाव्हँ तळ्यात मात्र पोहायला बंदी आहे. बेस नावाच्या काळ्या दगडी घरांच्या गावाजवळ हे तळं, जवळपास गोल, 92 मीटर खोल. सात हजार वर्षांपूर्वी इथं पाणी आणि तापलेला खडक एकत्र आले आणि स्फोट झाला, त्या खड्ड्यात हे पाणी. फ्रान्सच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात तरुण ज्वालामुखी हाच धरतात. विचित्र गोष्ट म्हणजे याचं वरचं आणि तळाचं पाणी एकमेकांत मिसळतच नाही, खालच्या थरात ऑक्सिजन नाही आणि वायू विरघळून बसलेत. 1986 मधे कॅमेरूनच्या न्योस तळ्यातून असाच वायू बाहेर पडून सतराशेच्या वर माणसं गेली, तेव्हापासून शास्त्रज्ञ पाव्हँवरही लक्ष ठेवून आहेत. गावकऱ्यांची दंतकथा अशी की जुनं बेस गाव पापी होतं म्हणून बुडालं, आणि पाण्यात दगड टाकला तर वादळ येतं. दगड टाकणारी पोरं मी बघितली, वादळ आलं नाही. काठानं झाडीतून वाट आहे, तासाभराची, सपाट, आईबाबांना घेऊन जाण्यासारखी.

साँसी हा मासिफ सेंत्रालचा, म्हणजे फ्रान्सच्या मधल्या डोंगराळ पठाराचा, सगळ्यात उंच माथा, 1886 मीटर, मों-दोर गावाहून केबल कार आणि मग लाकडी पायऱ्या. दोर्दोन्य नदी याच्याच उतारावर उगम पावते. ढगात काही दिसलं नाही, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही. त्यापेक्षा मागच्या बाजूची शोडफूर दरी करा, संरक्षित क्षेत्र आहे, लाव्हाचे सुळके नुसते उभे राहिलेत, नशीब असेल तर मुफ्लाँ म्हणजे रानटी मेंढ्या दिसतात.

वाटा सगळीकडं रंगवलेल्या असतात, लांब पल्ल्याच्या पांढऱ्या-लाल पट्ट्या, छोट्या फेऱ्यांच्या पिवळ्या, झाडावर फुली दिसली तर ती वाट आपली नाही. तरी कागदी नकाशा ठेवा, धुकं पटकन येतं. कुरणांची फाटकं उघडली की लावायची, तारेत करंट असतो.

कुरणांवरून आठवलं, आणखी खाली कांताल भागात सालेर जातीच्या गाई आहेत, गडद तांबूस, लांब शिंगं. वासरू जवळ असल्याशिवाय ती गाय पान्हाच सोडत नाही, म्हणून आधी वासराला लावतात, मग ते आईच्या पुढच्या पायाशी बांधून दूध काढतात. त्या दुधाचं चीज. हे अख्खं कांताल म्हणजे एकच प्रचंड जुना ज्वालामुखी, युरोपातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी, हिमनद्यांनी खरवडून दऱ्या चहूबाजूंना पसरल्यात. त्याच्या मधे प्वी मारी, 1783 मीटर. पेरोल खिंडीपर्यंत गाडी जाते, पुढं काँक्रीटच्या पायऱ्या, छोट्या पण उभ्या, आणि वारा असा की टोपी धरूनच चढायचं.

खाण्याचं सांगायचं तर दुपारी बारा ते दोन, त्यानंतर किचन बंद, विनवण्या करून उपयोग नाही. त्र्युफाद मागवा, बटाटा, लसूण आणि ताजं तोम चीज, जड पदार्थ आहे, चढायच्या आधी नको. बरोबर हॅम येतं, व्हेज असाल तर आधीच सांगा. साँ-नेक्तेर चीज घेताना सालीवर हिरवा शिक्का बघा, लंबगोल असेल तर शेतावर बनलेलं, चौकोनी असेल तर डेअरीचं. लंबगोलवालं घ्या, वास उग्र आहे, गाडीत काचा खाली कराव्या लागतील.

जायचं तर जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमधे अख्खा फ्रान्स सुट्टीवर असतो आणि पार्किंग सकाळीच भरतं, आणि हिवाळ्यात पेरोल खिंडीचा रस्ता बर्फामुळं बंद असतो, तेव्हा प्वी मारीचा प्लॅन असेल तर रस्ता उघडलाय का ते बघूनच हॉटेल बुक करा.