बसताय का ताई? (रत्नागिरीतली हाफ आणि पुढची ४२)

रत्नागिरीच्या हाफ मॅरेथॉनबद्दल लिहायचं म्हणजे समुद्र, सूर्योदय, माडाची झाडं वगैरे आधी यायला पाहिजे. ते सगळं होतंच, फोटोही काढलेत, पण मला त्या रेसचं नाव काढलं की आठवते ती माझ्या पाठीमागून फर्स्ट गिअरमध्ये घरघरत येणारी ॲम्ब्युलन्स.

ठाण्याहून कोकणकन्या पकडली, पहाटे स्टेशनला उतरले, रिक्षाने मामाकडे. शनिवार झोपण्यात आणि खाण्यात गेला. मामाचं घर थिबा पॅलेसच्या बाजूला, त्यामुळे संध्याकाळी तो मला थिबा पॉइंटवर घेऊन गेला आणि खाली बोट दाखवून म्हणाला, तो भाट्याचा पूल, त्याच्या पलीकडे तुझा रस्ता. वरून सगळं इतकं सपाट आणि सोप्पं दिसत होतं ना! पूल, खाडी, सुरूचं बन, पुढे समुद्र. सुरूच्या बनानंतर रस्ता वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढतो ते मात्र मामाने सांगितलं नाही, कारण त्याच्या स्कूटरला तो चढ वाटत नाही.

तर चढ. कोकणात किनाऱ्याचा रस्ता म्हटलं की मुंबईकरांना मरीन ड्राइव्ह डोळ्यासमोर येतो. इथे खाडीवरून सड्यावर चढा, सड्यावरून पुढच्या गावात उतरा, परत चढा, असंच चालू असतं. वर कातळावर सावली नाही, जानेवारीत गवत वाळून पिवळं झालेलं, आणि हवा इतकी दमट की घाम येतो पण वाळतच नाही. घाम वाळला तर अंग गार होणार ना, तो नुसता ओघळतो, मग अंग आतून तापत जातं आणि त्याच स्पीडला हार्टरेट वर वर सरकत राहतो.

मी रन-वॉक करते. जेफ गॅलोवे नावाच्या अमेरिकन ऑलिंपिक धावपटूने ही पद्धत लोकांमध्ये रुजवली. माझं गणित चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, अगदी पहिल्या किलोमीटरपासून, दमायच्या आधीच. घड्याळ बीप करतं, मी चालते, परत बीप करतं, मी पळते. पन्नाशीच्या आसपासच्या गुडघ्यांना हे छान झेपतं. पण ॲम्ब्युलन्सला हे कोण सांगणार?

नियमाप्रमाणे ती शेवटच्या माणसाच्या मागे राहते, आणि भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रापासून पुढे तो शेवटचा माणूस मी होते. चढावर घड्याळ वाजलं, मी चालायला लागले, लगेच गाडी शेजारी आली आणि व्हॉलंटिअरचा टीशर्ट घातलेल्या एका पोराने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ताई, बसताय का?" म्हटलं नाही. चार मिनिटांनी परत बीप, परत चालले, परत गाडी शेजारी. "बसा ओ आता, लय चढ हाय पुढे." मी धापा टाकत सांगितलं की अरे बाबा मी दमले नाहीये, माझा प्लॅन आहे हा. त्याने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "प्लॅन हाय त्यांचा, चालू दे." त्यानंतर दर वेळी बीप झालं की पोरगं विचारणार, "प्लॅन काय ओ ताई?" आणि मी मान हलवणार. मागे डिझेलचा धूर, पुढे चढ, आणि बाजूला हा. एकदा तर मी बीप व्हायच्या आधीच पळत सुटले, नुसतं त्याने विचारू नये म्हणून, आणि पुढची दहा मिनिटं त्याचे परिणाम भोगले.

परतीच्या वाटेवर एका मोरीच्या कठड्यावर एक दणकट तरुण पोटरी धरून बसला होता. सुरुवातीला हाच माझ्या अंगावरून वाऱ्यासारखा गेला होता. त्याला गाडीत घेतलं आणि आता खिडकीत दोन डोकी. तो बिचारा काही बोलला नाही, पण मी चालायला लागले की आशेने बघायचा, मी बसले तर त्याला एकट्याला लाज वाटायला नको म्हणून असेल.

मला खरा राग आला तो पाण्याच्या टेबलांचा. मी दिसले रे दिसले की पोरं टेबलं दुमडायला लागायची, कारण माझ्यामागे कोणीच नाही हे त्यांना ॲम्ब्युलन्स बघून कळायचं. एका ठिकाणी त्यांनी टेम्पोत चढवलेल्या क्रेटमधून मीच बाटली काढून घेतली. फी सगळ्यांना सारखी घेता ना? उलट आम्ही हळू पळणारे जास्त वेळ उन्हात, पाण्याची गरज आम्हाला जास्त! फिनिशला मेडल मिळालं, ते ठीक, पण पोह्यांच्या टोपात तळाला चिकटलेली मोहरी, दोन कढीपत्त्याची पानं आणि एक डाव, एवढंच. "संपले ओ," असं म्हणून एका मुलीने मला लिंबाची फोड दिली. १८८६ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि त्याचा राजवाडा तयार व्हायला १९१० उजाडलं, म्हणजे या गावात वाट बघायची सवय राजालाही करावी लागली होती अशी मी स्वतःची समजूत घातली.

मामीने मात्र घरी गेल्या गेल्या गुरगुट्या भात, मेतकूट आणि वर तुपाची धार असं ताट समोर ठेवलं. एकही प्रश्न नाही. दुसऱ्यांदा वाढताना फक्त म्हणाली, "एवढं करून पयला नंबर कोणाला?" मी सांगितलं कोणीतरी पोरगा होता. "मग बरोबर," म्हणाली आणि लोणचं आणायला गेली.

फुल मॅरेथॉनचं त्याच दुपारी डोक्यात आलं. लोक काहीतरी मोठी कारणं सांगतात, माझं कारण एवढंच की जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत इतकी माणसं पळतात की माझ्यामागे कोणी ना कोणी असेलच. बाकी अंतर बघितलं की पोटात गोळा येतो. ४२.१९५ किलोमीटर, हा आकडासुद्धा राजघराण्याचीच कृपा. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर कॅसलपासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांसमोरपर्यंत ठेवली, ते अंतर एवढं भरलं आणि १९२१ मध्ये तेच कायमचं झालं. आणि मुंबईत परतीच्या वाटेवर पाय संपत आलेले असताना पेडर रोडचा चढ. म्हणून म्हटलं प्रॅक्टिस कोकणातच करायची, चढाची भीती तरी मोडेल.

दिवाळीत परत मामाकडे. लाँग रनला रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे, आणि ठरवलेले २८ किलोमीटर भरत नव्हते म्हणून पुढे मालगुंडपर्यंत, केशवसुतांच्या गावात. येताना एसटी. उलटं वळून तेवढंच परत पळायचं नाही हा विचारच इतका सुखाचा असतो! पहाटे शिरगाव, साखरतर अंधारात गेलं. कुत्री भेटली, पण थांबून चालायला लागलं की तीही गप्प बसतात, रन-वॉकचा हा फायदा कोणी लिहिलेला नाही.

पळताना ताकदीसाठी खातात ती गोड जेलची पाकिटं मला सोसत नाहीत, पैसेही उगाच जातात, म्हणून मामीने केलेली आंबापोळी बोटाएवढी कापून बटर पेपरमध्ये गुंडाळून कमरेच्या पाऊचमध्ये ठेवली. कागदाला चिकटते, दाताने ओढून काढावी लागते, पण तासातासाला एक तुकडा तोंडात ठेवला आणि सोबत मिठाचं कोकम सरबत, की चालतं काम. शरीरातली साठवलेली साखर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि मग पाय जागच्या जागी थांबतात म्हणतात, मी अजून तिथवर पोचलेच नाहीये.

आरे-वारेचा चढ संपून वर आलं की दोन्ही बाजूंना दोन किनारे दिसतात, आणि सुट्टीत तिथे गाड्यांची रांगही दिसते. सात वाजता! दार उघडं टाकून गाणी लावलेली, रस्त्याच्या मधोमध सेल्फी, आणि हॉर्न मात्र मला. नेवऱ्यापासून पुढे परत शांत. भंडारपुळ्याला ऊन डोक्यावर आलं, बुटात घाम साचून चपचप आवाज यायला लागला, आणि गणपतीला बाहेरूनच हात जोडून पुढे गेले, त्या अवतारात रांगेत कोण उभं करणार मला.

मालगुंडच्या स्टॉपवर एसटी अर्ध्या तासाने आली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे परतीचा प्रवास आंबापोळीपेक्षा स्वस्त पडला. शेजारच्या सीटवरच्या आजींनी माझे भिजलेले कपडे बघितले, जरा सरकून बसल्या आणि विचारलं, "खयसून आलीस गो?" म्हटलं, रत्नागिरीहून, पळत. आजींनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"गाडी चुकली होय तुझी?"

म्हटलं हो आजी, चुकली. त्यांनी पिशवीतून एक केळं काढून दिलं आणि सांगितलं की पहिली गाडी सहाची असते, तिच्या भरवशावर कधी राहू नकोस.