किती किलोचा सर्वो?

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनात दांडी फिरवून धरणारी छोटी मोटर, मागितला की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "किती किलोचा?" विद्यार्थ्यांच्या रेसकारच्या मागच्या विंगचा वरचा फ्लॅप (हलती पट्टी) हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून सरळ रस्त्यावर आडवा करायचा, म्हणजे उघडायचा, आणि वळणाआधी पुन्हा उभा करायचा, म्हणजे मिटायचा, एवढ्यासाठी आम्ही या प्रश्नाचे उत्तर कागदावर काढले आणि मुलांचे चेहरे उतरले.

फ्लॅप 90 सेंटीमीटर लांब आणि 20 सेंटीमीटर रुंद. ताशी 100 किलोमीटर वेगाला त्याच्यावर सुमारे 115 न्यूटन, म्हणजे जवळपास 12 किलो वजनाइतका भार येतो असा हिशेब निघाला. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर असल्याने इथली हवा किंचित विरळ, हेही त्यात धरले होते. बिजागरी पुढच्या कडेला होती आणि दाबाचे केंद्र, म्हणजे वाऱ्याचा सगळा भार जिथे एकवटतो असे धरतात ती जागा, तिच्यामागे 7 सेंटीमीटरवर, त्यामुळे लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर (भार गुणिले अंतर), 80 किलो-सेंटीमीटरच्या वर गेला. दुकानदाराचा "किलो" म्हणजे हेच किलो-सेंटीमीटर, आणि आम्हाला परवडणारा सर्वो 25चा होता.

मुलांचे म्हणणे, वर्गणी काढून मोठा सर्वो घेऊ. मला खटकत होते ते वेगळेच. वीज गेली की सर्वो सैल पडतो, आणि बिजागरी पुढे असलेला फ्लॅप वाऱ्याच्या दाबाने आपोआप आडवा होतो. ऐन वळणात असे झाले तर मागच्या चाकांवरचा डाउनफोर्स, म्हणजे चाके रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर, गेलाच. फॉर्म्युला वनमध्ये 2011 साली डीआरएस, म्हणजे असाच उघडणारा मागचा फ्लॅप, आले, त्यात फ्लॅप हलवायला हायड्रॉलिक यंत्रणा असली तरी बिजागरी मागच्या कडेजवळ असे, म्हणजे यंत्रणा बंद पडली तरी वाराच फ्लॅप मिटवी.

आम्हीही बिजागरी मागे नेली, पण दाबकेंद्राच्या मागे दोनच सेंटीमीटर. अगदी केंद्रावर ठेवली असती तर टॉर्क जवळजवळ लागला नसता, हे खरे. परंतु फ्लॅपचा कोन बदलला की ते केंद्रही पुढेमागे सरकते आणि मग फ्लॅप कोणत्या बाजूला पडेल याचा भरवसा राहत नाही. गरज 23 किलो-सेंटीमीटरवर आली, आणि फ्लॅपवरची दांडी सर्वोच्या दांडीच्या दुप्पट लांब ठेवल्याने तीही निम्मी झाली.

इंजिन सुरू करताच फ्लॅप थरथरू लागला. सर्वोला दर 20 मिलिसेकंदांनी 1 ते 2 मिलिसेकंदांचा स्पंद जातो आणि त्या स्पंदाच्या लांबीवरून तो आपला कोन ठरवतो. आमची सिग्नलची वायर स्पार्क प्लगच्या वायरीला चिकटून गेली होती. ती दूर नेऊन अर्थच्या वायरीबरोबर पिळली, तेव्हा थरथर थांबली.

शेवटी शेडमध्ये दाबकेंद्राच्या रेषेवर 12 किलो गव्हाची पिशवी टांगली, सर्वोने फ्लॅप उघडला आणि एका मुलाने सर्वोच्या विजेचा प्लग उपटला. फ्लॅप खट्‌कन मिटला. मग अर्धवट उघडा असताना उपटला, तरी मिटला.