बसमधले दोन तास

रात्री दीड वाजता वास्कोहून मित्राच्या गाडीने निघालो आणि मोपाच्या नव्या विमानतळाच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा एक तास वीस मिनिटे झाली होती. दोन दिवसांनी तीच वाट संध्याकाळी सहाला धरली. झुआरी पुलावरच पाऊण तास गेला, एकूण दोन तास दहा मिनिटे. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवले. ही गोष्ट नोव्हेंबर 2022 ची. वर्षभर आम्ही कामगार कंपनीशी पगारवाढीच्या टक्क्यांवर भांडत होतो, पण करार अडला आणि सुटला तो या दोन आकड्यांवर.

मी दाबोळी विमानतळावर रॅम्पवर काम करतो. विमान थांबले की चाकांना चॉक, म्हणजे अडसराचे ठोकळे लावायचे, बेल्ट लोडर भिडवायचा, बॅगा उतरवायच्या, पुढच्या प्रवाशांच्या चढवायच्या. विमानाच्या पोटात उभे राहता येत नाही. गुडघ्यांवर सरकत 32 किलोपर्यंतची एकेक बॅग मागे ढकलायची. दाबोळीची धावपट्टी नौदलाची, आयएनएस हंसाची. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक तिथे नौदलाचा सराव चाले आणि नागरी विमाने बंद असत. मग दुपारनंतर आणि रात्री एकामागून एक विमाने येत. हंगामात चार्टर विमानांची भर. त्यामुळे रात्रपाळी आम्हाला चुकतच नाही. वैमानिकाने किती तास काम करायचे, किती विश्रांती घ्यायची, हे डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या केंद्रीय नियामकाने, ठरवून दिले आहे आणि ते योग्यच आहे. विमानात सामान भरणाऱ्यांचे तास मात्र करारात जे लिहून घेऊ तेवढेच. म्हणून आम्हाला कराराची एवढी काळजी.

जुन्या कराराची मुदत 31 डिसेंबर 2021 ला संपली. मागणीपत्रक आम्ही आधीच दिले होते. बैठकांमागून बैठका झाल्या. कंपनी वाढ द्यायला तयार होती, पण ती मूळ पगारात नको, ‘विशेष भत्ता’ म्हणून घ्या, असा तिचा आग्रह. हातात पैसे तेवढेच येणार, मग तक्रार कसली, असे आमच्यातल्या तरुण पोरांनाही वाटू लागले होते. तेव्हा मी कँटीनमध्ये फळ्यावर हिशेब मांडला. ग्रॅच्युइटी तेव्हा मोजत ती मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर, दर वर्षाच्या नोकरीला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. मूळ पगारात हजार रुपये कमी पडले, तर तीस वर्षे राबलेल्या माणसाचे निवृत्तीच्या दिवशी सुमारे 17,300 रुपये जात. फळ्यासमोर पोरे गप्प उभी राहिली. पुढच्या बैठकीला ‘मूळ पगारातच’ हे सगळ्यांचे एकमुखी म्हणणे होते.

ही एकी मोपाने मोडली. नवा विमानतळ पेडण्यात होणार, हे वर्षानुवर्षे ऐकत होतो. आता तारीख जवळ आली आणि काहीजणांच्या बदल्या होणार हे उघड झाले. पेडणे, डिचोली, म्हापशाकडच्यांना घराजवळ नोकरी मिळणार होती. वास्को, चिखली, सांकवाळला ज्यांनी आयुष्य काढले, भाड्याची खोली घेतली, मुलांना शाळेत घातले, त्यांच्यापुढे 60 किलोमीटरहून जास्त अंतर. मी स्वतः धारगळचा. युनियनच्या कमिटीत बोलायला उभा राहिलो की मागून आवाज यायचा, “तुझं घर मोपाच्या दारात, तुला काय त्याचं!” हे मला फार लागले, कारण त्यात खरे होते. बदली झाली तर माझा फायदाच होता.

वास्कोतल्या बायण्याला राहणारे, मूळ मालवणकडचे एक काका आमच्यात सगळ्यांत जुने. त्यांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, “पगाराचा बघ तू, पण माका सांग, बसमधले दोन तास कोण भरून देतलो?” आठ तासांच्या पाळीला जाऊन-येऊन चार तासांचा प्रवास, म्हणजे बाराची पाळी झाली. या प्रश्नापायीच मी रात्री दीडला आणि संध्याकाळी सहाला तो रस्ता मोजला.

ऑक्टोबरमध्येच आम्ही संपाची नोटीस दिली होती. विमान वाहतूक ही लोकोपयोगी सेवा, त्यामुळे औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे नोटिशीनंतर 14 दिवस थांबावे लागे आणि समेट, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यासमोरची तडजोडीची बोलणी, चालू असेपर्यंत व तो संपल्यावर आणखी 7 दिवस संप करता येत नसे. आम्हाला संप नकोच होता. पण अशी नोटीस आली की समेट अधिकाऱ्याला प्रकरण हाती घ्यावेच लागे, आणि समेट चालू असताना वादातल्या सेवाशर्ती कामगारांच्या विरोधात बदलायला कंपनीचे हात बांधले जात. विमान वाहतूक केंद्राच्या अखत्यारीतली, म्हणून आमची सुनावणी पणजीच्या राज्य कामगार खात्यात नाही, वास्कोच्या केंद्रीय कार्यालयात.

तिथे तिसऱ्या बैठकीला मी वही पुढे ठेवली. मॅनेजमेंटचे म्हणणे, प्रवासाचा वेळ जगात कुठेच कामात धरत नाहीत. मी म्हटले, “साहेब, माणूस स्वतःहून दूर राहायला गेला असता तर एक शब्द काढला नसता. इथे घर तिथेच आहे, कामाची जागा तुम्ही हलवताय.” अधिकाऱ्यांनी वही हातात घेऊन दोन्ही तारखा आणि वेळा वाचल्या आणि कंपनीला विचारले, तुम्ही हे अंतर कधी मोजले आहे का? त्यांच्याकडे उत्तर नव्हते. पुढची तारीख आठवड्याने पडली आणि त्या तारखेला कंपनी बसचा प्रस्ताव घेऊनच आली.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फॉर्म एचवर, म्हणजे कराराच्या सरकारी नमुन्यावर, सह्या झाल्या. वास्कोहून मोपाला कंपनीची फुकट बस, आणि बदली झालेल्यांचा प्रत्येक पाळीमागे एक तास ड्युटीत धरणार. चार मागितले होते, एक मिळाला. वाढीचा मोठा भाग मूळ पगारात आला. महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधून घ्यायचा होता, तो ठरावीक रकमेवरच राहिला आणि दर वर्षी आम्हाला त्याचा फटका बसला. समेटात झालेला करार युनियनबाहेरच्या आणि पुढे भरती होणाऱ्या कामगारांनाही लागू होतो. पण कंत्राटदाराची माणसे त्यात येत नाहीत. आमच्याच शेजारी, विमानाच्या त्याच पोटात गुडघ्यांवर सरकणारी पोरे ती. त्यांच्यासाठी मी सहीआधी एक ओळही लिहून घेऊ शकलो नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

5 जानेवारी 2023 ला मोपावरून विमाने सुरू झाली. माझी बदली झाली नाही, काकांची झाली. पहिल्या आठवड्यात मी रात्री त्यांना बसवर सोडायला गेलो होतो. काका वर चढले, खिडकीशी बसले आणि खिशातून छोटी वही काढून निघायची वेळ लिहिली. मागून दोन कंत्राटी पोरे आली, तेव्हा ड्रायव्हरने यादी पाहिली आणि त्यांना खाली ठेवले. ती कदंबाची, म्हणजे गोवा सरकारच्या परिवहन महामंडळाची, पहिली बस मिळेपर्यंत स्टँडवरच बसून राहिली.

त्या कराराची मुदत 31 डिसेंबर 2025 ला संपली. तोवर कायदाही बदलला, 21 नोव्हेंबरपासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. नव्या मागणीपत्रकाचा मसुदा कमिटीने माझ्याकडे दिला आहे. त्यात पहिल्या क्रमांकावर मी कंत्राटी लोडरांना बसमध्ये जागा ही मागणी लिहिली आहे, पगारवाढ दुसऱ्या क्रमांकावर.