गरम टायरची हवा

मे महिना, दुपारचे अडीच. पुण्याहून हायवेने थेट साताऱ्यात आलेली टर्बो हॅचबॅक दुकानासमोर उभी राहिली. गाडीवाल्या पोराची तक्रार साधी होती. "काका, यवतेश्वर घाटाच्या वळणांना टायर लई ओरडतात, नाक बाहेर पळतंय. पुढं दोन सॉफ्ट टायर घाला, आणखी रुंद."

कंपनीचं माप १८५/६० आर१५ ८४एच: रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची, ८४ हा भाराचा आणि एच हा वेगाचा कोड. गाडीला होते १९५/५० आर१५ ८२व्ही. रुंदी दहा मिलिमीटरने वाढवताना उंचीचा हिशोब कुणी केलाच नव्हता. मूळ चाकाचा व्यास ६०३ मिलिमीटर, याचा ५७६, म्हणजे साडेचार टक्के कमी. मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी ९५ च्या आसपास असते, पोट साडेतेरा मिलिमीटर खाली येतं आणि साइडवॉल १११ वरून साडेसत्त्याण्णववर. शिवाय ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो. कंपनीने ८४ म्हणजे ५०० किलो धरलेले. व्ही, म्हणजे २४० चा वेग, हे अक्षर बघून लोक खूश होतात आणि त्याच्या शेजारचा आकडा वाचत नाहीत.

नक्षीची खोली मोजणारा डेप्थ गेज लावला. पुढच्या दोन्ही टायरांना मधे ५ मिलिमीटर नक्षी, दोन्ही कडांना जेमतेम २. एकच कड खाल्ली असती तर अलाइनमेंटवर संशय घेतला असता. दोन्ही कडा खाल्ल्या आणि मधला भाग शाबूत, म्हणजे हवा कमी. पण हवेच्या गेजवर ३२ पीएसआय (दाबाचं एकक), दारावरच्या स्टिकरवर ३३. पोरगा म्हणाला, "हवा तर मी दर आठवड्याला बघतो." कुठे बघतो? पुण्याहून येताना, हायवेच्या पंपावर. तिथे ३६-३७ दिसली की जास्तीची सोडून ३२ करायची.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. टायर दर पाच-सहा अंशांनी तापला की साधारण एक पीएसआय चढतो, आणि मेच्या डांबरावर तास-दोन तास पळाल्यावर चार-पाच सहज चढतात. गाडी रात्रभर दुकानात ठेवून घेतली. सकाळी सातला, चाक हलवण्याआधी, मोजली तर पुढच्या टायरांत साडेसत्तावीसच निघाली.

एवढ्या कमी हवेवर वळणात साइडवॉल दुमडते, गाडी टायरच्या खांद्यावर जाते, मधलं रबर रस्त्याला धड टेकतच नाही. ओरडतो तो खांदा. डाव्या टायरच्या आतल्या बाजूला अंड्याएवढा फुगाही सापडला. खड्ड्यात ही बुटकी साइडवॉल रिम आणि रस्त्याच्या मधे चेपली जाऊन आतले दोरे तुटले होते. असा टायर पॅच मारून चालवायचा नसतो, फेकायचाच.

माप ठरवलं १९५/५५ आर१५ ८५व्ही. व्यास पाचशे साडेपंच्याण्णव मिलिमीटर, फरक सव्वा टक्का, भार ५१५ किलो, रिम तीच. त्याला हवे होते ट्रेडवेअर (टायर किती टिकेल याचा आकडा; कमी म्हणजे मऊ) २००चे, जवळजवळ गुळगुळीत टायर. कोरड्या, तापलेल्या घाटात ते चिकटतात, यात शंका नाही. पण सहा आठवड्यांत कासच्या रस्त्यावर पाऊस कोसळायला लागतो, तेव्हा पाणी बाहेर काढायला उभ्या खोल खाचा लागतात. म्हणून ३०० च्या आसपासचा, कडक साइडवॉलचा आणि रुंद उभ्या खाचांचा घेतला. हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन ब्रँडची तुलना त्यावर करू नये.

दोनच टायर घालणं मी मान्य केलं नाही. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे जातात, पुढच्या ओढीची गाडी असली तरी. मागचे झिजलेले असले की ओल्या वळणात शेपूट सुटतं आणि ते सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. इथे तर मागेही माप चुकीचंच होतं. चारही बदलले.

टायर आल्यावर आधी तारखेचे चार आकडे पाहिले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे वर्षाचे. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर, व्हॉल्व नवे, बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट. बोल्ट गनने नुसते टेकवून, हँडबुकातल्या १२० न्यूटन मीटरवर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरापर्यंत आवळायचा पाना) आवळले, समोरासमोरच्या क्रमाने. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. साच्याचा तेलकट थर जाईपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर वळणं जपून.

चारशे किलोमीटर झाल्यावर दोघं यवतेश्वर चढून गेलो. टायर ओरडले नाहीत, नाक जिथे वळवलं तिथे गेलं. वर थांबून गेज लावला तर ३६. त्याचा अंगठा सवयीने व्हॉल्वच्या पिनेकडे गेला, मग त्याने टोपी परत बसवली.